नवे मूत्रपिंड, जुने मूत्राशय

१९५२ सालच्या नाताळात पॅरिसच्या नेकर रुग्णालयात एका सोळा वर्षांच्या मुलाच्या पोटात त्याच्या आईचे मूत्रपिंड बसविण्यात आले. उंचावरून पडून त्याच्या मूत्रपिंडाला जबर इजा झाली होती, ते काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते, आणि काढून टाकल्यावर असे निष्पन्न झाले की या मुलाला जन्मतः तेवढे एकच मूत्रपिंड होते. आईचे मूत्रपिंड सुमारे तीन आठवडे उत्तम चालले. मग शरीराने ते परके म्हणून नाकारले आणि मुलगा दगावला. दोनच वर्षांनी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविले आणि ते टिकले, कारण एकाच बीजापासून झालेल्या त्या दोघांची शरीरे एकमेकांना परकी नव्हती. आपल्या देशात पहिले यशस्वी आरोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. पुढे सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधे आली, आणि शरीराचा हा नकार बहुतांशी काबूत आला. इतका, की आज चांगल्या केंद्रांत लहान मुलांना बसविलेल्या शंभर मूत्रपिंडांपैकी नव्वदांहून अधिक पहिले वर्ष सुखरूप पार करतात.

या यशाचा एक परिणाम असा झाला की लोकांच्या मनात आरोपण म्हणजे शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रिया म्हणजे आजाराचा शेवट असे समीकरण बसले. आईने किंवा बापाने मूत्रपिंड दिले, डायलिसिस सुटले, मूल शाळेत जाऊ लागले, औषधे वेळेवर चालू आहेत, मग आता दर काही महिन्यांनी सोनोग्राफीसाठी शंभर-दीडशे मैलांची खेप कशाला, असे आईबापांना वाटले तर त्यांना दोष देता येत नाही. परंतु मूत्रपिंडाचे काम रक्त गाळून मूत्र तयार करणे एवढे असले, तरी ते मूत्र मूत्रवाहिनीतून उतरून, मूत्राशयात काही काळ अल्प दाबाखाली साठून, पुरतेपणी बाहेर पडले नाही, तर अत्यंत निरोगी मूत्रपिंडदेखील हळूहळू निकामी होते. मूत्राशयापासूनचा हा खालचा मार्ग नवा बसविता येत नाही. तो मुलाचा स्वतःचाच असतो, आणि पुष्कळ मुलांच्या बाबतीत मूळची मूत्रपिंडे गेली ती याच मार्गातील दोषामुळे गेलेली असतात.

येथे लहान मूल आणि प्रौढ रुग्ण यांत मोठेच अंतर पडते. प्रौढाचे मूत्रपिंड बहुधा मधुमेहाने किंवा रक्तदाबाने जाते आणि त्याचे मूत्राशय सामान्यतः धडधाकट असते. उलट लहान मुलांत, विशेषतः पहिल्या काही वर्षांच्या वयात, सर्वांत मोठा गट जन्मजात रचनादोषांचा असतो. त्यांतला एकच दोष नीट समजून घेतला तरी पुढचा सारा विषय उलगडतो, आणि तो म्हणजे मुलग्यांच्या मूत्रमार्गाच्या मागच्या भागात गर्भावस्थेतच तयार होणारा पातळ पडदा. ह्यू यंग या अमेरिकन शल्यवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९१९ साली त्याचे व्यवस्थित वर्णन केले. साधारणपणे पाच ते आठ हजार मुलग्यांत एखाद्यास हा दोष आढळतो. जन्मानंतर दुर्बिणीतून तो पडदा छेदण्यास काही मिनिटे पुरतात. पण तोपर्यंत व्हायचे ते नुकसान होऊन चुकलेले असते. गर्भात महिनोन् महिने बंद वाटेवर जोर करून करून मूत्राशयाची भिंत जाड आणि कडक झालेली असते, त्याची धारणशक्ती घटलेली असते, थोडे मूत्र साठले तरी आतला दाब भलताच चढतो, आणि तो दाब मूत्रवाहिन्यांतून उलटा वर जाऊन मूत्रपिंडांच्या घडणीतच विकृती आणतो. असे मूल सहा-सात वर्षांचे होऊन आरोपणासाठी येते, तेव्हा त्याला नवे मूत्रपिंड मिळते. मूत्राशय मात्र तेच असते, ज्याने पहिली दोन खाल्ली.

म्हणून जाणते शल्यवैद्य मूत्रपिंडाच्या आधी मूत्राशयाची चौकशी करतात. मुलाच्या वयात एक मिळवून तीसने गुणले म्हणजे त्याच्या मूत्राशयात अदमासे किती मिलिलिटर मूत्र मावावे याचा आकडा येतो. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो दोनशे दहा होतो. बारीक नळीवाटे मूत्राशय सावकाश भरीत नेऊन आतला दाब मोजतात, आणि तो चाळीस सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा वा त्याहून अधिक राहत असेल, तर वरच्या मूत्रपिंडाला धोका आहे असे समजतात. औषधांनी दाब उतरला तर उत्तम. न उतरल्यास आतड्याचा एक तुकडा जोडून मूत्राशय मोठे करावे लागते, आणि मग ते आपल्या बळावर रिकामे होत नाही म्हणून दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून रिकामे करावे लागते. ही नळीची पद्धत मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली प्रचारात आणली. नळी पूर्ण निर्जंतुक नसली तरी चालेल, हात आणि नळी स्वच्छ असावी, आणि मुख्य म्हणजे वेळ चुकू नये, हा त्यांचा सिद्धांत त्या वेळी धाडसाचा वाटला. आज तो सर्वमान्य आहे. मूत्रमार्गातून नळी घालणे ज्यांना असह्य होते त्यांच्यासाठी फ्रान्सच्या पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८० साली अपेंडिक्सचाच मार्ग करून तो बेंबीजवळ किंवा ओटीपोटावर उघडण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आठ-नऊ वर्षांचे मूल ती नळी स्वतः घालू शकते, आणि शाळेत त्याला कोणाचे साहाय्य मागावे लागत नाही, ही गोष्ट कोणत्याही आकड्याहून मला मोलाची वाटते.

शस्त्रक्रियेविषयी थोडक्यात सांगतो. मुलाची मूळची मूत्रपिंडे बहुधा जागच्या जागी ठेवून नवे मूत्रपिंड ओटीपोटाच्या एका बाजूस, बहुतेक वेळा उजव्या अंगास, बसवितात. दाता प्रौढ असतो, आपल्याकडे पुष्कळदा आई. तिचे मूत्रपिंड दहा-अकरा सेंटिमीटर लांब असते, आणि घेणारे मूल कधी कधी जेमतेम दहा-बारा किलोचे. अशा वेळी मांडीकडे जाणाऱ्या बारीक वाहिन्या पुरत नाहीत. ते पोटात अधिक वर ठेवून थेट महारोहिणीला व महाशिरेला जोडावे लागते. त्यानंतर त्याची मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत तिरका बोगदा करून शिवतात, की मूत्र खाली यावे पण मूत्राशय आकुंचन पावताना उलट वर जाऊ नये.

संकटांची मुळे पुष्कळ वेळा याच सांध्यात असतात, आणि त्याचे कारण रक्तपुरवठ्यात आहे. निसर्गतः मूत्रवाहिनीला वरून, मधून आणि खालून अशा अनेक ठिकाणच्या छोट्या रोहिण्या रक्त पुरवितात. दात्याच्या शरीरातून ती काढताना खालचे व मधले सर्व पुरवठे तुटतात आणि उरतो तो फक्त वरून, मूत्रपिंडाच्या रोहिणीतून येणारा. पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत असते त्याला आवर्तनाचे पाणी जसे सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी मिळते, तशी मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाची गत होते. टोक अगदीच सुकले तर पहिल्या काही दिवसांत सांधा सुटून मूत्र पोटात झिरपते. अर्धवट सुकले तर तेथे व्रण धरून काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती वाट अरुंद होते. म्हणून दात्याची शस्त्रक्रिया करणारा वैद्य मूत्रवाहिनीच्या भोवतालची चरबी खरवडून काढीत नाही, आणि वाहिनी गरजेपेक्षा लांब ठेवीत नाही. सांध्याला आधार म्हणून बहुतेक ठिकाणी आतून एक मऊ नळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात. तिची दोन्ही टोके वळलेली असल्यामुळे ती जागची हलत नाही.

या स्टेंटविषयी एक कळकळीची सूचना येथेच करतो. तो कायमचा नसतो. साधारणतः दोन ते सहा आठवड्यांत मुलाला थोडी भूल देऊन दुर्बिणीतून तो काढावयाचा असतो. मूल बरे दिसते, घर लांब असते, तारीख पुढे ढकलली जाते, आणि कागदावर कोणाची जबाबदारी ती ठरलेली नसली की तो आत विसरला जातो. विसरलेल्या स्टेंटवर खडे धरतात, जंतू वस्ती करतात आणि अखेर ज्या वाटेच्या रक्षणासाठी तो घातला तीच वाट बंद पडते. मुलाला घरी सोडताना स्टेंट आहे किंवा नाही, आणि असल्यास कोणत्या तारखेला काढावयाचा, हे डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत लिहून घेण्याचा हक्क आईबापांनी बिनदिक्कत बजावावा.

आता प्रतिमांकडे येऊ. पहिली सोनोग्राफी शस्त्रक्रियेनंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवसाच्या आत होते, आणि तिच्यासोबत डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग दाखविणारी तपासणी. हिची एवढी निकड असण्याचे कारण असे की लहान मुलांत रोहिणीत किंवा शिरेत गुठळी होण्याचा धोका अधिक असतो, आणि गुठळी झालीच तर मूत्रपिंड वाचविण्यास हाती काही तासच असतात. निरोगी मूत्रपिंडात हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही रक्त पुढे सरकत राहते. तो मधला प्रवाह क्षीण झाला तर अवरोध, सूज, शरीराचा नकार किंवा औषधाचा दुष्परिणाम असे अनेक तर्क संभवतात आणि निकाल बायॉप्सीवर ठेवावा लागतो. पण तो प्रवाह उलटा वाहताना दिसला आणि शिरेत प्रवाहच नसला, तर शल्यवैद्य पुढच्या चाचणीची वाट पाहत नाही. याच दिवसांत प्रौढ मूत्रपिंडाला पोसण्याइतके रक्त लहान हृदयाने ढकलीत राहावे म्हणून मुलाला भरपूर द्रव द्यावे लागते. घरी गेल्यावरही वैद्य ठरवून देतील तेवढे पाणी, बहुधा दिवसाला दोन लिटर वा अधिक, चिमुकल्या मुलाच्या पोटात जावे लागते. हे काम आईचे असते आणि ते सोपे नसते.

पहिल्या पंधरवड्यात मूत्र कमी झाले, जखमेतून पाणी येऊ लागले किंवा ड्रेनच्या बाटलीतला द्रव वाढला, तर तो द्रव मूत्र आहे की लसिका (लिंफ) हे ठरवावे लागते. त्याची कसोटी साधी आहे. त्या द्रवातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून मूत्रात सोडते ते टाकाऊ द्रव्य, रक्तातील क्रिएटिनिनच्या अनेक पट निघाले तर ते मूत्र. सारखेच निघाले तर लसिका. लसिकेचा साठा बहुधा काही आठवड्यांनी सोनोग्राफीत काळा, स्वच्छ कडांचा डबक्यासारखा दिसतो. लहान असला तर तो आपोआप जिरतो. मोठा होऊन मूत्रवाहिनीला किंवा शिरेला दाबू लागला, तर दुर्बिणीने पोटाच्या पोकळीत वाट करून देतात.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आईबापांच्या मनावर तो पुरेसा ठसत नाही असे दिसते. आपल्या स्वतःच्या मूत्रपिंडाला अडथळा झाला तर कमरेत असह्य कळ येते आणि माणूस रात्रीतून दवाखाना गाठतो. बसविलेल्या मूत्रपिंडाचे मज्जातंतू तुटलेले असतात. मूत्रवाहिनी अरुंद झाली, वर मूत्र तुंबले, मूत्रपिंड फुगले, तरी मूल हसत-खेळत असते. रक्तातील क्रिएटिनिन चढेल आणि सूचना मिळेल अशी आशा करावी, तर तेथेही लहान मुलांत फसगत होते. वीस किलोच्या देहाला प्रौढाचे मूत्रपिंड गरजेहून मोठे असते, आणि त्याची बरीचशी शक्ती खर्ची पडेपर्यंत क्रिएटिनिनचा आकडा फारसा हलत नाही. वेदना गप्प, रक्त उशिरा बोलणारे; अशा स्थितीत वेळेवर कळविणारी साक्ष उरते ती प्रतिमेची. म्हणून मूल ठणठणीत असतानाच सोनोग्राफी करावयाची असते. पहिल्या काही महिन्यांत वारंवार, स्टेंट काढल्यानंतर अवश्य, आणि पुढे सर्व स्थिर असल्यास निदान वर्षातून एकदा, असा क्रम बहुतेक ठिकाणी पाळतात.

ही तपासणी कशी व्हावी हेही जवळून पाहण्यासारखे आहे. मूल पाणी पिऊन आलेले असते, टेबलावर निजवून त्याच्या उजव्या ओटीपोटावर गार जेली लावतात. त्याला गुदगुल्या होतात, ते पाय आखडते, आई डोक्याशी उभी राहून त्याचा हात धरते. पडद्यावर मूत्रपिंडाच्या मध्यभागी काळी पोकळी दिसते आणि डॉक्टर तिची रुंदी मोजतात. समजा ती चौदा मिलिमीटर भरली. येथेच तपासणी संपवून ‘मूत्रपिंडास सूज’ असा शेरा लिहिला, तर त्या कुटुंबाची पुढच्या आठ रात्रींची झोप उडेल, आणि कदाचित ती व्यर्थ उडेल. कारण आरोपित मूत्रवाहिनी मुळातच सैल असते, आणि मूत्राशय भरलेले असताना तिच्यात व मूत्रपिंडात थोडे मूत्र थांबणे स्वाभाविक आहे. म्हणून मुलाला लघवीला पाठवितात, परत निजवितात, आणि पुन्हा मोजतात. ती पोकळी आता पाच मिलिमीटरवर आली असेल तर बहुधा काळजीचे कारण नाही. तितकीच राहिली तर पुढची चौकशी हवी. आणि याच दुसऱ्या फेरीत मूत्राशयात किती मूत्र शिल्लक राहिले हेही मोजले जाते, जो आकडा मूत्रमार्गातील पडद्याच्या दोषाच्या मुलांत मूत्रपिंडाच्या आकड्याइतकाच मोलाचा असतो.

पुढची चौकशी म्हणजे रीनल स्कॅन. अल्पशा किरणोत्सर्गी द्रव्याचे इंजेक्शन देऊन, मूत्र वाढविणारे औषध देऊन, ते द्रव्य किती वेळात खाली उतरते याचा आलेख काढतात. आलेख झरझर उतरला तर फुगवटा असूनही अडथळा नाही. वरच थांबला तर आहे. मग त्वचेतून मूत्रपिंडात बारीक नळी घालून तुंबलेले मूत्र प्रथम बाहेर काढतात, त्याच वाटेने रंगद्रव्य सोडून अडथळ्याची जागा पाहतात, लहानसा अडथळा फुग्याने रुंद करतात, आणि मोठा असल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करून सांधा नव्याने घालतात. कधी कधी मुलाची मूळची मूत्रवाहिनी चांगली असेल तर तिलाच नवे मूत्रपिंड जोडतात. उशिरा आलेल्या अशा अरुंदपणामागे क्वचित बीके नावाचा विषाणूही असतो, जो प्रतिकारशक्ती दबलेल्या शरीरात डोके वर काढतो; त्यासाठी रक्ताची व मूत्राची वेगळी तपासणी होते.

मूत्र उलट वर जाण्याच्या दोषाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. मूत्राशय नळीने भरून क्ष-किरणांखाली मूल लघवी करताना पाहण्याची चाचणी प्रत्येक मुलाची करावी असे काहींचे मत. मला मात्र ज्यांना वारंवार ताप येऊन मूत्रसंसर्ग होतो किंवा ज्यांचे मूत्राशय मुळातच सदोष आहे त्यांचीच ती करावी हे मत अधिक न्याय्य वाटते, कारण नळी घालण्याचा त्रास मुलाच्या दीर्घकाळ स्मरणात राहतो. परंतु ज्याच्या पोटात आरोपित मूत्रपिंड आहे अशा मुलाला ताप आला, तर तो ‘हवामान बदलले’ म्हणून घरी ठेवण्याचा ताप नव्हे. त्याच दिवशी लघवीची व रक्ताची तपासणी झाली पाहिजे.

किरणांचा प्रश्न येथे येतोच. या मुलाला अजून पन्नास-साठ वर्षे तपासण्या करावयाच्या आहेत, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे स्वतःच अर्बुदांचा धोका थोडा वाढवितात, आणि म्हणून सी.टी. स्कॅन अगदी निकडीच्या प्रसंगीच करावा. त्यात टोचले जाणारे आयोडिनचे द्रव्य दुबळ्या मूत्रपिंडाला सोसेलच असे नाही, आणि एम.आर.आय.साठीच्या गॅडोलिनियमच्या काही प्रकारांनी, मूत्रपिंड फार क्षीण असलेल्या रुग्णांत, त्वचा व अंतर्भाग ताठरविणारा असाध्य विकार उद्भवलेला आहे. सोनोग्राफीत यांपैकी काहीच नाही, आणि ती आता आपल्याकडे तालुक्याच्या गावीही होते. तेथे अडचण यंत्राची नसून माहितीची असते. तपासणाऱ्याला पूर्वकल्पना दिली नाही तर तो कमरेतील दोन सुकलेली मूत्रपिंडे पाहून भयंकर अहवाल लिहितो आणि ओटीपोटातील चांगल्या मूत्रपिंडापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा जाताना आरोपणाचा कागद आणि आधीच्या सोनोग्राफीचे अहवाल न्यावेत, कारण आजच्या आकड्याला अर्थ येतो तो मागच्या आकड्याशेजारी ठेवल्यावर.

वयात येताना आणखी एक बदल होतो. ज्या मूत्राशयाचा दाब बालपणी चढा होता तेच पौगंडावस्थेत पुष्कळदा सैल पडते, मोठे होते, आकुंचनाची शक्ती गमावते आणि प्रत्येक वेळी बरेच मूत्र मागे ठेवते. मुलाला काही जाणवत नाही. त्याच वयात तो औषधे टाळू लागतो, नळीची लाज वाटू लागते, आईने आठवण करून दिलेली खपत नाही. आणि त्याच सुमारास, अठराव्या वर्षी, बालविभागातून त्याची रवानगी प्रौढांच्या विभागात होते, जेथील वैद्यांना मधुमेहाचे मूत्रपिंड रोजच्या परिचयाचे असते, पण पडद्याच्या दोषाचे मूत्राशय क्वचितच भेटलेले असते. ही बदली एका चिठ्ठीवर होऊ नये. निदान वर्ष-दोन वर्षे दोन्ही विभागांनी त्या मुलाला एकत्र पाहावे, आणि त्याच्या दप्तरात मूळचा रोग, मूत्रवाहिनी कोणत्या पद्धतीने जोडली, स्टेंट कोणत्या तारखेला काढला, मूत्राशयाच्या दाबाचे शेवटचे मोजमाप, लघवीनंतर शिल्लक राहणाऱ्या मूत्राचे वर्षावर्षाचे आकडे, आणि नळी घालत असल्यास तिच्या वेळा, एवढे तरी असावे. आणि ते दप्तर आईच्या पिशवीतून काढून त्या मुलाच्या स्वतःच्या हाती पंधराव्या-सोळाव्या वर्षीच द्यावे, म्हणजे नव्या डॉक्टरांपुढे बसताना ते त्याला वाचून दाखविता येईल.